गुणाबाईंच्या खात्यावरची टॅक्सी

कामतघरला गुणाबाई भोईरांची खानावळ होती. लूमवर काम करणारे उत्तरेकडचे आणि तेलंगणातले कामगार तिला बिशी म्हणायचे आणि गुणाबाईंना मौसी. पुढच्या पडवीत पाट मांडलेले, मधल्या घरात दोन चुली आणि मागे धान्याची खोली. शिफ्ट सुटली की केसांत कापूस अडकलेली माणसं रांगेनं हात धुवायची आणि बसायची. मी शेजारच्याच लूमच्या कारखान्यात मेहता होतो. कामगारांची हजेरी लिहायची आणि निघालेले कापडाचे ताके मोजायचे, एवढंच काम. माझं कुटुंब शहापूरला होतं, म्हणून दोन्ही वेळचं माझं पान गुणाबाईंकडेच असे.

गुणाबाई मूळच्या अंजूरच्या. बाप खाडीत जाळं टाकायचा आणि पावसाळ्यात भात लावायचा. लग्न होऊन त्या कामतघरला आल्या तेव्हा नवरा, दामूभाऊ, सायझिंगच्या कारखान्यात कामाला होता. सुताला खळ लावायच्या त्या वाफेत वर्षानुवर्षं उभं राहून त्याची छाती गेली. माणूस घरी बसला, तेव्हा गुणाबाईंनी कुणापुढे पदर पसरला नाही. घरची चूल मोठी केली. पहिल्यांदा चार कामगार जेवायला आले, मग दहा आले, मग पडवी पुरेना. दामूभाऊ दाराशी बसून लसूण सोलायचे, खोकायचे आणि पैशांचा डबा सांभाळायचे. ते फार बोलत नसत. काहीही झालं तरी त्यांचा एकच प्रश्न असे, "मग आता?"

बँका सरकारच्या झाल्याला तेव्हा तीन-चार वर्षं होऊन गेली होती. छोट्या धंदेवाल्यांना पैसे द्या, असं वरून सांगणं होतं. त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर भिवंडीच्या बाजारातल्या बँकेचे एक साहेब कामतघरला आले. केसरीनाथ चौबळ. पन्नाशीचा सडपातळ माणूस, ठाण्याला राहणारा, हातात काळी छत्री. त्यांनी पडवीत उभं राहून जेवणाऱ्यांच्या पंगतीकडे पाहिलं आणि गुणाबाईंना विचारलं, "तांदूळ कुठून आणता?"

"बाजारातून. आठवड्याचा आठवड्याला."

"म्हणजे महाग पडतो. सुगीला स्वस्त असतो तेव्हा वर्षाचा भरून का नाही ठेवत?"

"साहेब, वर्साचा भराला पैसं कुठलं?"

"बँक देईल," चौबळ म्हणाले. मग त्यांनी ओव्हरड्राफ्ट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बँक एक मर्यादा ठरवून देते, तुमची तीन हजार धरू. त्यातून लागतील तेवढे उचलायचे, जमतील तसे भरायचे. जेवढे उचलले असतील तेवढ्यावरच व्याज.

गुणाबाईंनी ते त्यांच्या पद्धतीनं समजून घेतलं. "म्हंजे दुसऱ्याच्या विहिरीवर आपला पोहरा."

"अगदी तसंच," साहेब हसून म्हणाले.

गुणाबाई साक्षरतेच्या वर्गात जाऊन सही करायला शिकल्या होत्या. बँकेच्या इंग्रजी कागदांवर त्यांनी एकेक अक्षर दाबून सह्या केल्या. धान्याच्या खोलीच्या दारावर बँकेचा माणूस पत्र्याची पाटी ठोकून गेला. आतला धान्यसाठा बँकेकडे तारण आहे, असं तिच्यावर लिहिलं होतं. एक भय्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "मौसी, आज की दाल बँकवाली है क्या? पानी बहुत है." सगळी पंगत हसली, आणि गुणाबाईसुद्धा.

आणि खरंच त्यांचं बरं चाललं. त्या सालात महागाईनं लोकांचं कंबरडं मोडलं होतं, पण गुणाबाईंच्या खोलीत सुगीचा तांदूळ आणि तुरीची डाळ भरलेली असे. बाकीच्या खानावळींनी दर वाढवले, यांनी वाढवले नाहीत. कामगारांचा पगार झाला की जेवणाचे पैसे यायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या पदराला गाठ मारून बँकेत भरायला जायच्या.

चौबळ महिन्यातून एकदा माल बघायला यायचे. भर दुपारी, छत्री डोक्यावर धरून, बाजारातून चालत. खोलीत जाऊन पोती बघायचे, काहीतरी टिपून घ्यायचे आणि पडवीत घाम पुसत बसायचे. पहिल्या वेळी गुणाबाईंनी त्यांना गूळपाणी दिलं. दुसऱ्या वेळी साहेबांनी पिशवीतून डबा काढला. त्यात कोरडे पाव होते.

"हे काय जेवन झालं?" गुणाबाई म्हणाल्या.

"घरी बायको अंथरुणाला खिळलीय," चौबळ म्हणाले. "कोण करणार?"

गुणाबाईंनी तो डबा झाकला आणि मधल्या घरात पाट मांडला. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, वर कांदा. साहेब पोटभर जेवले. तेव्हापासून ते आले की मधल्या घरात त्यांचं पान ठरलेलं. मी कितीदा तरी त्यांना तिथे मांडी घालून जेवताना पाहिलं आहे. एकदा त्यांनी पैसे द्यायला पाकीट काढलं, तेव्हा गुणाबाईंना राग आला. "तुमी आमच्या घरचं पावनं. पावन्याकडनं कोन पैसं घेतं?" एकदा पावसाळ्यात साहेब तापानं फणफणलेले आले. गुणाबाईंनी त्यांना हळदीचं दूध पाजलं, टांगा बोलावला आणि टांगेवाल्याचे पैसे स्वतः दिले.

अशी दोन वर्षं गेली.

शहात्तरच्या माघातली सकाळ होती. बाजारातल्या किराणा व्यापाऱ्याकडून तांदळाची पोती आली होती. गुणाबाईंनी आदल्या दिवशी चेक दिला होता, पोती उतरवून पडवीत थप्पी लावलेली होती. तासाभरात तीच हातगाडी परत आली. बरोबर दुकानाचा माणूस होता. त्यानं चेक गुणाबाईंच्या हातात दिला आणि हमालांना म्हणाला, "उचला."

"अरं, काय करतंस?" गुणाबाई पुढे झाल्या.

"मावशी, चेक परत आला. बँक म्हणते, खात्यात जागा नाही. शेटनं माल परत आणायला सांगितलंय."

रात्रपाळीचे कामगार तेव्हा जेवायला बसले होते. त्यांच्या देखत एकेक पोतं उचलून हातगाडीवर गेलं. घास हातात धरून सगळे बघत राहिले. गुणाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. हातगाडी वळणाआड गेली तरी त्या त्याच बाजूला बघत होत्या.

"मग आता?" दामूभाऊ म्हणाले.

त्यावर भानावर येऊन त्यांनी मला हाक मारली. "मेताजी, चला माज्यासंगं. काय तरी चुकलंय त्यांचं. माजं पैसं तर भरलेलं हायेत."

त्यांचा हिशोब सरळ होता. दिवाळीपर्यंत त्यांनी उचललेल्यातले बरेचसे पैसे परत भरले होते. तीन हजारांच्या मर्यादेतले जेमतेम हजारभर बाकी असतील, असं त्या धरून चालल्या होत्या. बँकेत मॅनेजरनी खात्याचा उतारा काढून पुढे ठेवला. तळाचा आकडा मी वाचला आणि मला वाटलं की मीच चुकीचं वाचतोय. तीन हजार चारशेच्या वर.

"दुसऱ्या कुणाचं खातं असेल," मी म्हणालो.

"नाव वाचा," मॅनेजर म्हणाले.

नाव गुणाबाईंचंच होतं. मी वरपासून वाचू लागलो. उचललेल्या आणि भरलेल्या रकमा बरोबर होत्या. त्यांच्या अधूनमधून मात्र आम्हाला कुणालाच माहीत नसलेली माणसं गर्दीत घुसावीत तशा नोंदी घुसल्या होत्या. तपासणी फी. टॅक्सी भाडं. विम्याचा हप्ता. दंडव्याज. पुन्हा तपासणी फी. पुन्हा टॅक्सी भाडं.

"तपासनी कसली?" गुणाबाईंनी विचारलं.

"मालाची," मॅनेजर म्हणाले. "आमचे अधिकारी येतात ना दर महिन्याला?"

"चौबळ साहेब?"

"हो."

गुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मॅनेजरकडे. "ते येतात त्याचं पैसं मी द्यायचं?"

"अटींत आहे तसं. तुमची सही आहे."

"आन टॅक्सी?"

"अधिकाऱ्याच्या येण्याजाण्याचा खर्च."

"ते चालत येतात!" त्यांचा आवाज इतका वर गेला की खिडकीपाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. "छत्री घेऊन चालत येतात, साहेब. आकं कामतघर बघतं त्यांना."

"बाई, हळू बोला. भाड्याची बिलं आहेत आमच्याकडे."

"आन ह्यो विमा?"

मॅनेजरनी चष्मा लावून पाहिलं. तारण मालाला आगीचा विमा काढावाच लागतो, असं त्यांनी सांगितलं. तो तीस हजारांच्या मालाचा काढला होता. मी म्हणालो, "साहेब, यांची मर्यादाच तीन हजारांची आहे. खोली छपरापर्यंत तांदळानं भरली तरी तीस हजारांचा माल मावणार नाही." मॅनेजरनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "विमा कंपनीचा हप्ता भरून झालाय. आता त्यात काही करता येणार नाही."

सगळ्यात मोठा घोटाळा दंडव्याजाचा होता, आणि तो मला तिथे टेबलापाशी उभा असतानाच कळला. मर्यादेच्या वर गेलं की दंडव्याज. पण गुणाबाई मर्यादेच्या वर कधी गेल्याच नव्हत्या. आदल्या उन्हाळ्यात, सुगीच्या खरेदीसाठी मर्यादेपर्यंतचे सगळे पैसे उचललेले असताना, बँकेनंच विमा आणि टॅक्सी त्यांच्या नावावर टाकली आणि त्यांना वर ढकललं. वर गेल्या म्हणून दंड झाला, तो दंडही खात्यावर पडला, त्यामुळे त्या आणखी वर गेल्या, म्हणून आणखी दंड. त्या बिचाऱ्या महिन्याच्या महिन्याला पैसे भरत होत्या आणि ते सगळे या खड्ड्यात जात होते.

मी हे त्यांना बाहेर बाकावर बसवून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण नजर कुठेच ठरत नव्हती. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "मेताजी, आपल्या गल्लीत टॅक्सी आलेली कवा बघितलीय का वो तुमी?"

"नाही."

"मी बी न्हाय," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "टांग्याचं पैसं मी दिलं होतं."

त्या दिवशी पहिल्यांदाच गुणाबाईंच्या खानावळीत भात कमी पडला.

मी अर्ज लिहिला. प्रत्येक नोंदीसमोर काय चुकलं ते मांडलं आणि गुणाबाईंनी खाली सही केली. शाखेनं तो घेतला, शिक्का मारून प्रत दिली आणि पुढे काहीच झालं नाही. आठवड्यानं विचारायला गेलो तर मॅनेजर म्हणाले, "हे माझ्या हातात नाही, वर लिहा." ते आम्हाला टोलवण्यासाठी म्हणाले असतील, पण आम्ही खरंच वर लिहिलं, ठाण्याच्या कचेरीला.

तो आणीबाणीचा काळ होता. कचेऱ्यांतली माणसं घड्याळ लावून कामावर येत होती. एखाद्या तक्रारीवरून कुणाला सक्तीनं घरी बसवलं, कुणाला आत टाकलं, अशा गोष्टी रोज कानावर यायच्या. त्यामुळे असेल, पण ठाण्याचं उत्तर आम्ही आशा सोडायच्या आत आलं. चौकशीसाठी अधिकारी भिवंडीच्या शाखेत येणार होते. खातेदारानं हजर राहावं. तपासणी अधिकारी श्री. चौबळ यांनाही बोलावलं होतं.

पत्र ऐकून गुणाबाई आनंदल्या नाहीत. "त्यांची नोकरी जाईल का वो?" त्यांनी मला विचारलं.

"जाऊही शकते."

त्या संध्याकाळी दामूभाऊंचा धाकटा भाऊ मोरू आला. मोरू ट्रकवर हमालांचा मुकादम होता, तापट, वहिनीवर जीव टाकणारा. त्याला सगळं कळलं होतं. पाटावर बसल्या बसल्या तो म्हणाला, "वयनी, सोपं हाय. तू येवढंच सांग, तो मानूस कवा आलाच न्हाय. एकदा बी न्हाय. मंग टॅक्सी बी खोटी, तपासनी बी खोटी. सगळं पैसं परत येतील आन तो जाईल आत."

"पन तो येत होता," गुणाबाई म्हणाल्या.

"कोन बोलनार हाय? तुजे कामगार? ते तर तुज्या ताटावरचे. हे मेताजी?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हे बी गप बसतील."

गुणाबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. मोरूकडे त्या अशा बघू लागल्या, जणू तो घरातला नव्हेच. "मोऱ्या," त्या म्हणाल्या, "त्यानं खोटं लिवलं म्हनून तर आपन तक्रार केली ना? मंग मी बी तेच करू?"

"त्यानं तुजं मीठ खाल्लं वयनी, आन तुजाच गळा कापला! त्याची कसली दया करतंस?"

"दया न्हाय रं. तो येत होता. येत होता त्याला न्हाय कसं म्हनू?"

मोरू जेवणावरून उठून गेला. दामूभाऊंनी त्या वेळी "मग आता?" असं विचारलं नाही. सोललेला लसूण त्यांनी बायकोपुढे सरकवला आणि खोकत आत गेले.

चौकशी मॅनेजरच्या खोलीत झाली. ठाण्याचे अधिकारी वयस्कर, टक्कल पडलेले, शांत बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी गुणाबाईंना खुर्ची दिली. मला अर्ज लिहिणारा म्हणून कोपऱ्यात बसू दिलं. समोर चौबळ बसले होते. महिन्याभरात ते दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. गुणाबाई आत आल्या तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. गुणाबाईंनी मात्र सवयीनं विचारलं, "वयनी कशा हायेत?"

अधिकाऱ्यांनी विम्यापासून सुरुवात केली. तिथे एक शून्य जास्त पडलं होतं, हे शाखेला कबूल करावंच लागलं. मग दंडव्याज. तेही त्यांनी दोनदा तपासलं आणि मॅनेजरना विचारलं, "बँकेच्याच चुकीनं खातं वर गेलं, त्याचा दंड ग्राहकाला?" मॅनेजर घाम पुसत "तपासतो, सर" म्हणाले. मला वाटलं, आता जिंकलोच.

मग त्यांनी टॅक्सीची बिलं पुढे ओढली.

"चौबळ, या बाईंचं म्हणणं आहे की तुम्ही चालत जात होतात. शिवाय दर वेळी त्यांच्याकडे जेवत होतात. कर्जदाराकडे असं जेवणखाण घेता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. काय म्हणायचंय?"

जेवणाचं अर्जात मीच घातलं होतं. माणूस इतका जवळचा होता तरी त्यानं असं केलं, हे कळावं म्हणून. नियमाचं मला ठाऊक नव्हतं.

चौबळांनी रुमाल काढून तोंड पुसलं. "खोटं आहे, सर," ते म्हणाले. "मी यांच्या घरी कधी जेवलो नाही. पाण्याचा थेंबसुद्धा घेतलेला नाही."

मी उठणारच होतो. पण गुणाबाईंकडे लक्ष गेलं आणि तसाच बसलो. चेक परत आला त्या दिवशीचा किंवा तो उतारा वाचला तेव्हाचा त्यांचा चेहरा मी पाहिला होता. हा तसा नव्हता. चेहऱ्यावरचं सगळं पुसून गेलं होतं. तोंड किंचित उघडं. त्या चौबळांकडे बघत होत्या, आणि हा माणूस कोण आहे ते आठवायचा प्रयत्न करत असाव्यात, असं वाटत होतं.

"बाई?" अधिकारी म्हणाले. "तुम्हाला काही सांगायचंय?"

त्यांनी ऐकलंच नाही बहुधा. अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं.

"जेवलं नसतील," गुणाबाई म्हणाल्या. आवाज कसातरी आला. "ते म्हनतात न्हाय, तर न्हाय."

"मग ते तुमच्याकडे आले तरी होते का? माल तपासला होता का? नीट सांगा. ते आलेच नसतील तर ही फसवणूक आहे, आणि ती मला वर कळवावी लागेल."

मोरूनं सांगितलेलं वाक्य आता नुसतं उच्चारायचं होतं. समोर बसलेल्या माणसानं तर त्यांना खोटं ठरवूनही टाकलं होतं.

"येत होते," गुणाबाई म्हणाल्या. "म्हैन्याला येत होते. पोती मोजत होते. चालत येत होते, टॅक्सी कवा आली न्हाय. येवढंच हाय."

चौबळांनी तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. अधिकाऱ्यांनी बिलं एकत्र केली आणि म्हणाले, "ठीक आहे. मला जे समजायचं ते समजलं."

बाहेर आल्यावर मी चिडून बोललो. "तुम्ही जेवणाचं का सोडलंत? मी साक्षीला होतो ना!" गुणाबाई चपला पायात सरकवायचा प्रयत्न करत होत्या आणि त्यांना ते जमत नव्हतं. डावी चप्पल उजव्या पायात चढवून त्या बऱ्याच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

निकाल उन्हाळ्यात आला. टॅक्सीचं सगळं भाडं परत. दंडव्याज परत. विम्याची जादा रक्कम परत. तपासणी फी मात्र कायम, कारण तपासणी झाली होती हे खातेदारानंच कबूल केलं होतं. त्या एका कबुलीनं गुणाबाईंच्या हातचे शे-दोनशे रुपये गेले. मोरूनं ते ऐकून कपाळावर हात मारला. चौबळांची पगारवाढ रोखली आणि त्यांना दूर विदर्भात कुठेतरी पाठवलं, असं बँकेतल्या शिपायाकडून कळलं. नोकरी राहिली.

खात्यात पुन्हा जागा झाली तशी गुणाबाईंनी धान्याची खोली तांदळानं भरून घेतली. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो, तोच बँकेचं दुसरं पत्र आलं. गुणाबाईंची ओव्हरड्राफ्टची सवलत बंद करण्यात येत आहे. उरलेली बाकी चार महिन्यांत भरावी.

मी तावातावानं मॅनेजरकडे गेलो. ते नवीन होते. "तक्रार केली म्हणून नाही," ते म्हणाले. "खातं वादग्रस्त झालं की आमचं धोरणच आहे तसं." पत्राचा अर्थ मी गुणाबाईंना सांगितला तेव्हा त्या चुलीपुढे बसल्या होत्या. फुंकणी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "म्हंजे चूक त्यांची, पैसं त्यांनी परत दिलं, आन शिक्षा मना?"

"तसंच म्हणायचं."

त्या हसल्या. हसायलाच लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दामूभाऊ घाबरून उठून आले. मग पदरानं तोंड पुसून त्यांनी भात चुलीच्या वैलावर सरकवला.

ती बाकी त्यांनी कशी फेडली, ते मी रोज बघत होतो. नवा माल भरला नाही. खोलीतलाच तांदूळ रांधायचा, आलेला पैसा बँकेत. पावसाळ्यात एकेक पोतं रिकामं होत गेलं. जेवणाऱ्यांना त्यांनी सांगितलं, महिन्याचे पैसे आता आठवड्याला द्या. काहींनी कुरकुर केली आणि दुसरी बिशी धरली. तेलंगणातले विणकर मात्र राहिले, आणि रोज पाट मांडायला दोघंतिघं हात लावू लागले. गणपतीच्या सुमारास बाकी संपली. बँकेचा माणूस पाटी काढायला आला, तर ती मोरूनं आधीच उपटून उकिरड्यावर फेकली होती. त्या माणसाला पाटी परत न्यायची होती, त्यावरून पुन्हा थोडी बाचाबाची झाली.

खानावळ पुढेही चालली. आठवड्याला बाजार करायचा, म्हणून दर वाढवावे लागले. गुणाबाईंनी बँक सोडली नाही, याचं मात्र सगळ्यांना आश्चर्य वाटलं. त्याच शाखेत त्यांनी साधं बचत खातं काढलं. दर महिन्याला पासबुक घेऊन खिडकीपाशी उभ्या राहायच्या आणि कारकुनाकडून प्रत्येक ओळ वाचून घ्यायच्या. मागे रांग खोळंबली तरी हलायच्या नाहीत.

एकोणऐंशी साली मी कामतघर सोडलं. तोवर त्या चौकशीची गोष्ट गल्लीत वेगळीच होऊन बसली होती. गुणाबाईंनी मोठ्या मनानं साहेबाला वाचवलं, त्याचं जेवण झाकून ठेवलं, असं लोक सांगायचे. निघायच्या दिवशी शेवटचं जेवताना मी त्यांना ते विचारलं.

"मोठं मन कसलं, मेताजी," त्या म्हणाल्या. "येत होते ते सांगितलं, कारन ते खरं होतं. पन जेवनाचं मी सोडलं न्हाय. मना बोलताच आलं न्हाय. तो मानूस समोर बसून म्हनाला, पान्याचा थेंब घेतला न्हाय, आन मना वाटलं माजंच काय तरी चुकलंय. दोन वर्सं मी कुना दुसऱ्यालाच वाढत होते का काय! अजून बी सकाळी भाकरी थापताना मधीच आठवतं. हात थांबतो."

मग त्यांनी माझ्या पानाकडे पाहिलं. "भात घ्या अजून. गाडीला वेळ हाय तुमच्या."